काजळीचा डावा पाय

कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून दहा मिनिटं झाली होती. कोंबडी टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर घेतली होती. डोळ्यांवर टॉवेलाचं टोक ओढलं की कोंबडी शांत होते, तशी ती झाली होती. पायावरचा माती, शीट आणि जुन्या रक्ताचा थर मऊ होऊन सुटायला लागला. मी अंगठ्यानं हळूहळू चोळत होतो. तेवढ्यात सुजलेल्या मांसाच्या घडीत काहीतरी पांढरं दिसलं.

हाड असेल असं वाटलं. नख लावून पाहिलं. हाड नव्हतं, प्लास्टिक होतं. ते तिथं कुणी घातलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. मीच घातलं होतं.

समोर हौसाबाई कांबळे उभ्या होत्या. पंचावन्नच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या. कोंबडी ज्यातून आणली होती ते बांबूचं डालगं त्यांनी दवाखान्याच्या दाराशी ठेवलं होतं. पाच-सहा किलोमीटर डोक्यावर घेऊन चालत आल्या होत्या.

"काय घावलं का डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"बघतोय," मी म्हणालो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. जे त्या दिवशी बोलायचं राहिलं, ते आता लिहितो आहे.

आधी माझ्याबद्दल. मी डॉक्टर नव्हे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. लसी टोचणं, किरकोळ उपचार करणं, योजनांची जनावरं वाटणं आणि त्यांची नोंद ठेवणं हे माझं काम. पदवीवाले डॉक्टर म्हणजे आमचे साहेब, ते तालुक्याला बसायचे. पण खेड्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. पन्हाळा तालुक्यात कोडोलीच्या बाजूला माझी नोकरी बरीच वर्षं होती. हौसाबाईंच्या गावाचं नाव लिहीत नाही. ते लहान गाव आहे आणि माणसं अजून तिथंच राहतात.

त्या वर्षी परसातल्या कोंबड्यांची एक योजना आली. निवडलेल्या बाईला दहा तलंगा आणि एक कोंबडा द्यायचा. तलंग म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. आमच्या भागात पहिलं नाव हौसाबाईंचं लागलं, कारण कोंबड्यांचं त्यांना खरोखरच कळायचं. खुडूक कोंबडी कधी बसवायची, कुठलं अंडं फुटणार नाही, हे विचारायला दुसऱ्या गल्लीतल्या बायाही त्यांच्याकडे यायच्या. त्यांच्या बचत गटातल्या आणखी सहा बायांची नावं दुसऱ्या फेरीच्या यादीत होती. पहिल्या घरी पक्षी नीट वाढले की त्या सहा जणींना मिळणार, असं ठरलं होतं.

योजनेचे पक्षी ओळखू यावेत म्हणून पायात नंबरची रिंग घालायची असते. तपासणीला वरून माणूस येतो, तो रिंगा मोजतो. रिंग नाही तर कोंबडी समोर दाणे टिपत असली तरी मोजणीत नाही. आधी एका गावात माझ्या चार रिंगा ढिल्या होत्या, त्या गळून पडल्या. साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. ते माझ्या मनात होतं.

म्हणून या वेळी मी स्वतःच्या डोक्यानं एक सोय केली. माझा मोठा मुलगा तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेल जोडायच्या कामावर होता. वायरींचे जुडगे आवळायला तिथं केबल टाय वापरतात. पांढरी, दातेरी, प्लास्टिकची पट्टी. एक टोक दुसऱ्यातून ओवून ओढलं की कट-कट करत आवळते. पुढं जाते, मागं येत नाही. त्याच्याकडून मूठभर टाय आणले. नंबरची रिंग टायमध्ये ओवली आणि अकराच्या अकरा पक्ष्यांच्या डाव्या पायात, पंजाच्या वरच्या नळीला, घट्ट ओढून बसवली. उरलेलं शेपूट कात्रीनं उडवलं. एकही गळणार नाही, याचं मला समाधान वाटलं होतं.

पक्षी आठ आठवड्यांचे होते. अजून वाढायचे होते. टाय वाढत नाही. इतकी साधी गोष्ट पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

हौसाबाईंनी त्या दिवशी विचारलं होतं, "डॉक्टर, ह्ये जरा आवळ न्हाय का झालं?"

"सरकारी रिंग आहे," मी म्हणालो. "काहीही झालं तरी काढायची नाही. काढलीस तर कोंबडी मोजणीत येणार नाही. मग मला सांगायचं नाही."

"न्हाय काढत," त्या म्हणाल्या.

एकेरी बोललो होतो. वयानं त्या माझ्याएवढ्याच होत्या.

दीड-दोन महिन्यांनी निरोप आला, कोंबड्या लंगडायला लागल्यात. मी गेलो. हौसाबाईंचं घर बौद्धवस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत. अंगण सारवलेलं, कडेला लाकडी खुराडं. तीन पक्षी तोवर मेले होते. पायानं अधू झालेली कोंबडी दाण्यापर्यंत वेळेत पोचत नाही, आणि मुंगूस आलं तर पळून झाडावर चढत नाही. उरलेल्या आठांतले पाच लंगडत होते. डावे पंजे टम्म सुजलेले, चिखलानं लडबडलेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता.

कोंबडीच्या पायाला जे आजार होतात त्यांतले तीन वाचकांनी ओळखायला शिकावं असे आहेत. एक, तळव्याचं गळू. त्याला बम्बलफूट म्हणतात. उंचावरून कडक जमिनीवर उडी मारून किंवा काटा, काच लागून तळव्याला बारीक जखम होते, घाण आत जाते, वर काळी टणक खपली धरते आणि आत पू घट्ट होऊन बसतो. दोन, खवल्यांतले किडे. पायावरचे खवले उचलून खडबडीत, पांढरट दिसतात. तीन, काहीतरी आवळणं. दोरा, केस, सुतळी पायाला गुंडाळली जाते. रक्त खाली उतरतं पण परत वर चढत नाही, म्हणून खालचा पंजा सुजतो. पहिल्या नजरेला तिन्ही सारखेच वाटू शकतात. फरक कळायला एकच काम करावं लागतं. कोंबडी मांडीवर घ्यायची आणि पाय धुवायचा.

मी ते केलं नाही. गाडीवरून उतरलो, पण अंगणाच्या कडेलाच उभा राहिलो. हौसाबाईंनी पाट आणून ठेवला, त्यावर बसलो नाही. त्यांनी एक कोंबडी उचलून माझ्यासमोर धरली. मी वाकून पाहिलं आणि मला उजव्या पायात हिरवी चिंधी दिसली.

"ही काय भानगड?"

"आमची खूण हाय की. शेजारच्या कोंबड्यांत मिसळत्यात, वळखाय येत न्हाईत. म्हनून बांधतोय."

आमच्याकडे ही रीतच आहे. प्रत्येक घरची चिंधी वेगळ्या रंगाची. कुणाची लाल, कुणाची हिरवी.

"हेच ते," मी म्हणालो. "चिंध्या बांधता, पाय आवळतात, घाण साठते. खुराडं बघ कसलंय. योजनेच्या कोंबड्या अशा सांभाळतात?"

"आवो पर चिंदी ह्या पायात हाय. सुजलाय त्यो पाय."

त्यांनी हे मला तिथंच सांगितलं होतं. शब्दन् शब्द मला आठवतो. मी म्हणालो, "तू मला शिकवू नकोस," आणि गाडीला किक मारली.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

"तीन मेल्या म्हणतायत. कारण काय टाकू? मला एका ओळीत सांगा."

"लाभार्थीचा निष्काळजीपणा, सर. खुराडं अस्वच्छ. पायाला चिंध्या बांधल्यात."

"लिहून द्या तसं."

मी लिहून दिलं. सही केली. त्या एका ओळीवर दुसऱ्या फेरीची यादी थांबली. त्या सहा बायांची नावं मागं पडली आणि त्यांचे पक्षी दुसऱ्या गावाला गेले. गावात कागद लागला, त्यात हौसाबाईंचं नाव आणि पुढं "निष्काळजीपणामुळे" असा शब्द होता. ज्या बाईला कोंबड्यांचं विचारायला गल्ल्या ओलांडून बाया यायच्या, तिच्याबद्दल हा शब्द. गटातल्या बाया म्हणाल्या, तुझ्यामुळं आमचं गेलं. हे मला नंतर कळलं. पण कळलं.

साहेबांना यात दोष देत नाही. मी सांगितलं तेच त्यांनी वर कळवलं.

कागद लागल्यावर आठवड्याभरानं हौसाबाई काजळीला घेऊन दवाखान्यात आल्या. काजळी म्हणजे ती कोंबडी. डोळ्यांभोवती काळी रेघ होती म्हणून हे नाव. मी त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा पाय नीट पाहिला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण तक्रार घेऊन त्या आल्या नव्हत्या.

"ही लई हुशार हाय," त्या म्हणाल्या. "दोन दीस झालं खाल्लं न्हाय. बाकीचं ऱ्हाऊ द्या डॉक्टर. हिचं तेवढं बगा."

दवाखान्यात त्या वेळी गर्दी नव्हती. माझ्यापाशी सबब नव्हती. मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं आणि पाय बुडवला. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

टाय मांसात इतका रुतला होता की वरून कातडी चढली होती. तिरक्या बाजूनं पांढरी कड तेवढी दिसत होती. मी बोटं चाचपून पाहिली. दोन बोटं गार होती. दोन कोमट होती. कोमट म्हणजे रक्त अजून जात होतं. तळव्याला काळी खपलीही धरली होती. वजन वेडंवाकडं पडलं की तेही होतं.

टाके कापायच्या कात्रीला तो टाय दाद देईना. गाडीच्या डिकीत वायर कापायची छोटी पक्कड होती. ती उकळत्या पाण्यात टाकली, आयोडीननं पुसली. बोथट सळईचं टोक मांस आणि टायच्या मधे हळूच सरकवलं. काजळी थरथरली. हौसाबाईंनी दोन्ही हातांनी तिला धरली होती आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलत होत्या. लहान मुलाला टोचताना आई बोलते तसं. "झालं माजी बाय. झालं. आता झालंच."

पक्कड दाबली. कट् असा आवाज आला. टाय लावताना यायचा तसाच.

पट्टी निघाली तशी पंजात रक्त आलं. गार बोटं लगेच गरम झाली नाहीत, पण पंजा किंचित सैल पडला. मी जखम धुतली, आयोडीन लावलं, मऊ पट्टी बांधली. तळव्याची खपली भिजून सुटी झाली होती, ती काढून आतला घट्ट पू दाबून न काढता जेवढा सहज निघाला तेवढाच काढला. दाबला की तो आत पसरतो.

टायची कापलेली पांढरी पट्टी ट्रेमध्ये पडली होती. तिच्यात नंबरची रिंग तशीच होती. हौसाबाईंनी ती उचलली. उलटून पालटून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत होतो. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, बाकीच्यांच्या पन काढू का?"

"काढ... काढा," मी म्हणालो.

"मोजनीला चालंल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या कानातून गेला नाही. तीन कोंबड्या गेल्या होत्या, गावभर नाव गेलं होतं, पट्टी हातात होती. आणि बाई मला विचारत होती, मोजणीला चालेल का. मी म्हटलं होतं काढायची नाही, म्हणून त्यांनी काढली नव्हती.

"चालेल," मी म्हणालो. "मी साहेबांना सांगतो सगळं."

"सांगा," त्या म्हणाल्या, पट्टी कनवटीला लावली आणि काजळीला डालग्यात ठेवून निघाल्या.

मी सांगितलं नाही.

पुढच्या पंधरवड्यात चार वेळा त्यांच्या घरी गेलो. हे खरं आहे आणि हे सांगून मी माझी बाजू सावरत नाही. अंगणात बसलो, एकेक पक्षी मांडीवर घेतला, एकेक टाय कापला. खुराड्यात उसाचं कोरडं पाचट घालायला सांगितलं, बसायची काठी खाली घ्यायला सांगितली, म्हणजे उडी मारताना तळव्याला मार बसत नाही. आठही पक्षी जगले. काजळीची दोन बोटं वाळून गळून पडली. पण महिन्याभरात ती उरलेल्या बोटांवर तोल सांभाळून परसभर फिरायला लागली आणि पुढं अंड्यावरही आली. पहिली अंडी घालताना ती खोक्यातून सारखी बाहेर येऊन बघायची, असं हौसाबाई हसून सांगायच्या. चहा पुढं करायच्या. तो मी घ्यायचो. इतकं सगळं केलं, पण एक ओळ खोडून दुसरी लिहिली नाही.

का? दुरुस्ती लिहायची तर स्वतःच्या मनानं केबल टाय वापरले हे लिहावं लागलं असतं. मेमो आला असता. आज सांगू, तपासणी झाली की सांगू, असं करता करता माझी बदली झाली. मग निवृत्ती आली.

आणखी एक का आहे. त्या पहिल्या दिवशी मी अंगणात बसलो का नाही? घाई होती, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. घाई नव्हती. आमच्या भावकीतल्या कुणाच्याही गोठ्यात मी शेणात मांडी घालून बसलो आहे. जात मानत नाही असं मी चारचौघांत म्हणायचो आणि मला ते खरंही वाटायचं. पण गुडघे वाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी कुणाचं अंगण आहे ते पाहिलं. चिंधी पाहून अडाणीपणा म्हणालो, तेही त्यातूनच. ती चिंधी जुन्या लुगड्याची होती, मऊ होती, करंगळी जाईल इतकी सैल होती. दर आठ दिवसांनी सोडून परत बांधलेली. त्यांची पद्धत बरोबर होती. चूक सरकारी रिंगेच्या पायात होती, आणि त्यातही सरकारची नव्हे, माझी.

आता आम्ही उचगावला असतो. घरामागं थोडी जागा आहे, तिथं बायकोनं चार कोंबड्या पाळल्यात. गेल्या हिवाळ्यात तिनं एकीच्या पायात लाल चिंधी बांधली. मी बसल्या जागेवरून उठलो, कोंबडी धरली, चिंधीत करंगळी घालून पाहिली. मग पाय धुतला. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्या दिवशीही.

"रोज काय पाय धुताय तिचं?" बायको म्हणाली. "लगीन हाय का तिचं?"

मी सगळं सांगितलं. तिला मी हे कधीच सांगितलं नव्हतं. ती तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. ताटातले खडे बाजूला करत म्हणाली, "आवो, मग मला काय सांगताय? तिला जाऊन सांगा की."

आधी मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. दुरुस्तीचा अर्ज लिहून नेला होता. तिथं आता तरुण साहेब आहेत. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, अर्ज पूर्ण वाचला.

"काका, त्या वर्षांच्या फायली आता नाहीत. मुदत संपली की नष्ट करतात."

"मग दुरुस्ती?"

"फाईलच नाही तर दुरुस्ती कशात करू?" ते म्हणाले. मग विचारलं, "आणि त्या बाई आहेत का अजून?"

ते मलाही ठाऊक नव्हतं.

गावात गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. विहाराच्या पायरीवर दोन-तीन बाया शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "कोन पायजे पावणं?"

"हौसाबाई कांबळे."

"आय, तुला कोन आलंय बग!" तिनं गल्लीत हाक टाकली. ती त्यांची सून होती.

हौसाबाई काठी टेकत आल्या. सत्तरीच्या पुढं गेल्यात. डोळ्यांना कमी दिसतं. जवळ येऊन माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"डॉक्टर न्हवं का?"

"व्हय, आक्का."

"म्हातारं झालासा की."

"झालो."

त्यांनी पाट आणायला सांगितला. मी खाली, अंगणातच बसलो. हातातला कागद उघडला. सगळं लिहून आणलं होतं, कारण बोलताना मी काहीतरी गाळीन अशी मला स्वतःचीच भीती होती. पहिल्या दोन ओळी वाचल्या असतील. त्यांनी हात वर केला.

"थांबा. काजळीच्या पायातल्या पट्टीचं हाय न्हवं ह्ये?"

"व्हय."

"मग मला एकलीला काय वाचताय? मला तवाच ठावं हुतं. हातात हुती की माज्या पट्टी. ज्यांस्नी ठावं न्हाय त्यांस्नी वाचा."

आणि त्यांनी सुनेला गटातल्या बायांना बोलवायला पाठवलं. त्या सहांपैकी दोघी आता नाहीत. एक लेकीकडे कोल्हापुरात असते. तिघी आल्या. विहाराच्या पायरीवरच्या बायाही आल्या. दहा-बारा जणी जमल्या.

मी वाचलं. टाय कुठून आणले ते वाचलं. पाय न धुता काय लिहिलं ते वाचलं. चिंधीला नावं ठेवली ते वाचलं. पाटावर का बसलो नाही तेही वाचलं. यादी हौसाबाईंमुळे नाही, माझ्यामुळे थांबली, हे शेवटी वाचलं आणि त्या तिघींचीही माफी मागितली.

मग त्या तिघींतली एक, शालनबाई, हौसाबाईंकडे वळली.

"तू बोलली का न्हाईस गं तवा?"

"बोलली की. तूच म्हनालीस, पट्टी दावून आमास्नी फसवू नगंस."

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. मग उठून हौसाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. गुडघ्याला गुडघा लावून. दोघींत पुढं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही.

माझ्याकडं पाहून हौसाबाई म्हणाल्या, "लई उशीर केलासा डॉक्टर."

"व्हय."

"बरं झालं, न्हाय म्हनत न्हाई मी. पर उशीर केलासा."

"व्हय, आक्का."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही ते मागितलं नाही. चहा आला. तो घेतला. कप खाली ठेवतोय तोवर त्यांनी खुराड्याकडं काठी दाखवली.

"आता आलायसाच तर त्या तांबडीचा पाय बगा. चार दीस झालं टेकत न्हाय."

माझ्याजवळ काही सामान नव्हतं. सुनेनं घमेल्यात कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं. मी तांबडीला माझ्याच टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि पाय बुडवला. सगळ्याजणी बघत होत्या. धुतल्यावर तळव्याला काळी खपली निघाली. साधं गळू, लवकर सापडलेलं. खपली मऊ केली, सुटली तेवढी काढली. गावातल्या दुकानातून आयोडीन आलं, ते लावलं. जुन्या सुती लुगड्याची चिंधी फाडून बोटांमधून घेत पट्टी बांधली. माझे हात आता कापतात, त्यामुळं वेळ लागला.

"झालं," मी म्हणालो.

हौसाबाई वाकल्या. नीट दिसत नव्हतं, म्हणून हातानंच पाय शोधला. पट्टीच्या कडेतून करंगळी घालून पाहिली. गेली नाही.

"आवळ झालंय," त्या म्हणाल्या. "सोडा आनि परत बांधा."

मी सोडली आणि परत बांधली. त्यांनी पुन्हा करंगळी घातली. या वेळी गेली.

"आता ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.

ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पायात काहीही बांधलं, रिंग असो, चिंधी असो, डॉक्टरची पट्टी असो, आत करंगळी गेली पाहिजे, आणि पक्षी वाढता असेल तर दर आठवड्याला परत पाहिलं पाहिजे. पाय सुजला तर आधी खाली बसावं आणि तो धुवावा. आजाराचं कारण त्यानंतर लिहावं.